पारोळा तालुक्यातल्या आमच्या जि.प. शाळेचा पट वाढतोय, पण खोल्या पुरत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीने काय करावं?

भाऊ, खोली मागण्याआधी आकडा पक्का करा. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4 आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. म्हणजे पट 88 वरून 93 झाला की चौथ्या खोलीचा हक्क तयार होतो. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहिती नोंदीत, खोल्यांची नोंद तपासा. पडकी खोली अजून वापरात दाखवली असेल तर कागदावर तुमची अडचणच नाही. तिचं निर्लेखन, म्हणजे ती वापरायोग्य नाही म्हणून नोंदीतून अधिकृतपणे कमी करणं, आधी करून घ्या.

पुढच्या वर्षांचा अंदाज अंगणवाडीच्या हजेरीपटावरून बांधा, त्याहून खात्रीचं काही नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला जातात, वर्ग अर्धे दिसतात. कोणी जानेवारीत पाहणीला येऊन "खोल्या रिकाम्या" म्हणालं तर सप्टेंबरचा पट पुढे करा.

मग समितीचा ठराव, पंचायत समितीमार्फत प्रस्ताव. पैसा समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून येतो, आणि वेळ लागतो. तोवर ग्रामपंचायतीची एखादी खोली घ्या, पण शौचालय जवळ आहे ना ते पाहा.