आयपीएस आडवा येतोय? आधी लॉग बघा, मग बटणाला हात लावा

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी आयपीएस, म्हणजे नेटवर्कवरचे हल्ले ओळखून अडवणारा बॉक्स, बसवला. गेल्या आठवड्यात सिग्नेचर आपोआप अपडेट झाल्या आणि तेव्हापासून रात्रीचा बॅकअप अर्ध्यात तुटतोय. साहेब म्हणतात बंदच करून टाका तो बॉक्स. काय करू?

बंद करू नका, निदान आजच्या आज तरी नको. आधी मला एक सांगा, बॅकअप रोज त्याच फाईलला, त्याच टक्क्याला तुटतो की कुठेही? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो कारण निम्मं उत्तर यातच असतं. सिग्नेचर म्हणजे शेवटी हल्ला ओळखायचा बाइट्सचा एक ठरावीक नमुना, आणि बॅकअपमध्ये इतका बायनरी डेटा जातो की तसाच नमुना त्यात निव्वळ योगायोगाने सापडू शकतो. बॉक्स ते पॅकेट टाकून देतो, पोच आली नाही म्हणून सर्व्हर तेच पॅकेट परत पाठवतो, त्यात तेच बाइट्स असतात म्हणून ते परत पडतं, असं करत करत शेवटी टाइमआउट होऊन कनेक्शन तुटतं. म्हणून रोज एकाच जागी अडकत असेल तर संशय सरळ आयपीएसवर घ्या. वेगवेगळ्या जागी तुटत असेल तर केबल, लोड, सेशन टाइमआउट हे आधी बघा, बॉक्सला उगाच दोष देऊ नका.

आता लॉग उघडा. त्याआधी बॉक्सचं आणि बॅकअप सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय) जुळलंय ना ते बघा, नाहीतर दोन्हीकडच्या वेळा जुळवता जुळवता रात्र जाईल. तुटण्याच्या वेळी कुठल्या नंबरच्या सिग्नेचरने ड्रॉप केलं, सोर्स कोण, डेस्टिनेशन कोण, पोर्ट कुठला, एवढं लिहून घ्या आणि जमलं तर पॅकेट कॅप्चर पण ठेवा, व्हेंडरच्या सपोर्टकडे गेलात की पहिल्यांदा तेच मागतात. खरंच फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे हल्ला नसताना दिलेला खोटा इशारा, निघाला तर अपवाद टाका, पण तेवढ्या एका सिग्नेचरपुरता आणि त्या दोन आयपी पत्त्यांपुरताच. बरेच जण वैतागून अख्खा सबनेट (नेटवर्कचा एक भाग) व्हाइटलिस्ट करतात, म्हणजे तपासणीतून सोडून देतात, मग विसरतात, आणि ते भोक वर्षानुवर्षं तसंच राहतं. अजून एक, काही ठिकाणी सिग्नेचर सप्रेस केली की फक्त अलर्ट दिसेनासा होतो, पॅकेट मात्र पडतच राहतं, तेव्हा सप्रेस आणि पास (पॅकेट जाऊ देणं) यातला फरक तुमच्या बॉक्सवर नक्की काय आहे ते वाचून घ्या.

आणि साहेबांना एक गोष्ट सांगा. ज्या भोकातून वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस घुसला त्याचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दिला होता आणि वॉनाक्राय पसरला 12 मे 2017 ला. मध्ये जवळपास दोन महिने गेले, तरी असंख्य मशीनवर तो पॅच नव्हता. पॅच येण्यात आणि तो प्रत्यक्ष लागण्यात जो काळ जातो ना, तो सांभाळायला आपण हा बॉक्स ठेवतो. इथून पुढे नव्या सिग्नेचर आल्या की चार-आठ दिवस नुसत्या अलर्टवर ठेवा, आपल्या ट्रॅफिकवर काय काय उठतंय ते बघा आणि मगच ड्रॉपवर न्या. उघड उघड हल्ले चालू असलेली एखादी भेग असेल तर मात्र थांबू नका, लगेच ड्रॉप करा.

प्रश्न : नेट स्लो झालंय अशी रोज तक्रार येते, पण बॉक्सचा सीपीयू तर जेमतेम 20 टक्के दिसतो. मग दोष कोणाचा?

तो 20 टक्के म्हणजे सगळ्या कोअरची सरासरी, तिच्यावर जाऊ नका. एक फ्लो, म्हणजे दोन मशीनमधलं एक कनेक्शन, साधारणपणे एकाच कोअरवर तपासला जातो. सुरिकाटा किंवा स्नॉर्ट 3 ही आयपीएसची सॉफ्टवेअर मल्टीथ्रेडेड (एकाच वेळी अनेक कोअर वापरणारी) असली तरी एकच मोठं कनेक्शन ती सहसा चार कोअरवर वाटत नाहीत. 8 कोअरपैकी एक 100 टक्क्यांवर दमलेला आणि बाकीचे रिकामे असले तर सरासरी दिसणार साडेबारा! म्हणून प्रत्येक कोअर वेगळा बघा आणि सोबत पॅकेट ड्रॉपचा काउंटर बघा, तो वाढत असेल तर बॉक्सला खरंच झेपत नाहीये. असा भला मोठा पण खात्रीचा फ्लो असेल, म्हणजे दोन स्टोरेजमधलं रेप्लिकेशन वगैरे, तर तेवढा तपासणीतून वगळायला हरकत नाही. जे सॉफ्टवेअर तुमच्याकडे नाहीच त्याच्या सिग्नेचर पण बंद करा. आपल्या सर्व्हरवर स्वतः सुरिकाटा चालवत असाल तर नेटवर्क कार्डाच्या जीआरओ, एलआरओ या सोयी बंद आहेत ना ते तपासा, कारण त्या पॅकेट एकत्र जोडतात आणि तपासणीत घोळ होतो. आणि इंटरफेसवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेट) वाढताना दिसले तर आधी केबल आणि डुप्लेक्स सेटिंग बघा, सिग्नेचर नंतर.

प्रश्न : बॉक्सच बंद पडला तर सगळं नेट जाईल का?

फेल-ओपन असेल तर ट्रॅफिक न तपासता पुढे जातं, फेल-क्लोज असेल तर सगळं थांबतं. कुठलं हवं ते कामावर ठरतं आणि ते लेखी ठरवून घ्या. हार्डवेअर बायपास (बॉक्स बंद पडला तरी ट्रॅफिक सरळ पुढे सोडणारी सोय) असलेलं कार्ड असेल तर ठरवलेल्या डाउनटाइममध्ये एकदा खरंच पॉवर काढून बघा. डेटाशीटवर विसंबू नका.

प्रश्न : तीन आठवडे एकही अलर्ट नाही. म्हणजे सगळं उत्तम ना?

मला तर हे वाचूनच काळजी वाटली. तीन आठवडे पूर्ण शांतता म्हणजे बहुतेक वेळा बॉक्सला काही दिसतच नाहीये. लायसन्स संपलंय का, होम नेटमध्ये (आपलं नेटवर्क कुठलं ते सांगणारी सेटिंग) तुमचेच सबनेट बरोबर टाकलेत का, नवीन लिंक टाकल्यावर जाणारं ट्रॅफिक बॉक्समधून आणि येणारं दुसरीकडूनच असं झालंय का ते बघा, कारण एकच बाजू दिसली तर संभाषण नीट जोडता येत नाही आणि बऱ्याच सिग्नेचर लागतच नाहीत. शिवाय ट्रॅफिक टीएलएसमध्ये (https वापरतं ते एन्क्रिप्शन) असेल तर डिक्रिप्ट केल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि 2018 मध्ये आलेल्या टीएलएस 1.3 मध्ये तर सर्टिफिकेटसुद्धा झाकलेलं असतं. आजच एक साधा टेस्ट रूल टाका, ठरावीक मशीनवरून पिंग आला की अलर्ट द्यायचा एवढाच, आणि तो पिंग बॉक्सच्या पलीकडे पाठवा. अलर्ट आला तर रूल काढून टाका आणि टीएलएसकडे वळा. नाही आला तर वायरिंगपासून सुरुवात करा.