वॉर्टहॉग बिळात पाठमोरा का शिरतो?
आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील गवताळ माळरानांवर राहणारा, डुकराच्या कुळातील हा प्राणी बिळात पाठमोरा शिरतो, याचे कारण त्याच्या सुळ्यांत आहे. तो सहसा स्वतः बीळ खोदत नाही. आर्डवार्क या मुंग्या-वाळवी खाणाऱ्या प्राण्याने खोदून सोडलेल्या बिळात तो रात्र काढतो आणि संकटात तेथेच धाव घेतो. पिल्ले आधी डोके घालून आत जातात, पण प्रौढ वॉर्टहॉग बिळाच्या तोंडाशीच वळून मागच्या पायांनी आत सरकतो, त्यामुळे सिंह, बिबट्या किंवा तरस पाठोपाठ आला तरी त्याच्यासमोर सुळेच येतात. वरचे सुळे लांब व वळलेले असल्याने नजर तिकडे जाते. खरी धार मात्र खालच्या आखूड सुळ्यांना असते, कारण तोंड उघडता-मिटताना ते वरच्या सुळ्यांवर घासले जातात. अर्थात, पळणे हाच त्याचा पहिला बचाव असून तो ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेग गाठतो. चरताना तो पुढचे पाय दुमडून मनगटांवर टेकतो, आणि तेथील कातडीला जाड घट्टे असतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ते युगांडातील क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात दिसणारे वर्तन: तेथे वॉर्टहॉग जमिनीवर आडवे होतात आणि पट्टेदार मुंगूस त्यांच्या अंगावरील गोचिडी वेचून खातात.