वाचकांचे प्रश्न : जुनी आलिशान सेडान, नवा मालक

प्रश्न : नाशिकला माझा दातांचा दवाखाना आहे. गेली अकरा वर्षे स्विफ्ट वापरली, आता गाडी बदलायची आहे. पुण्यातील एका विक्रेत्याकडे २०१६ सालची बीएमडब्ल्यू ३२०डी ही डिझेल सेडान पाहिली. गाडी दुसऱ्या मालकाची असून ६८,००० किलोमीटर चालली आहे. किंमत १६ लाख सांगतात. माझी तयारी सगळे मिळून १७ लाखांची आहे. तेवढ्याच पैशांत नवी मध्यम आकाराची एसयूव्ही येते, त्यामुळे घरात दोन तट पडले आहेत. घरापासून दवाखाना ४ किलोमीटरवर आहे आणि महिन्यातून एकदा मुंबईला जाणे होते. गाडी चालवून पाहिली तेव्हापासून मन तिच्यात अडकले आहे, हे लपवत नाही. घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात मला खटकला तो १७ लाखांचा आकडा. ही गाडी नवी होती तेव्हा तिची किंमत ४० लाखांच्या आसपास होती. आज ती १६ लाखांना मिळते, कारण गाडीचे मोल उतरले. तिच्या सुट्या भागांचे उतरलेले नाही. सस्पेंशनचा लोअर आर्म, हेडलॅम्प किंवा इंजिनात इंधन फवारणारा इंजेक्टर बदलायची वेळ आली की दुकानदार तुमच्याकडून ४० लाखांच्या गाडीचेच पैसे घेणार आहे. म्हणून अशा गाडीच्या किमतीच्या साधारण १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढून ठेवावी, असे मी नेहमी सुचवतो. तुमच्या बाबतीत ही रक्कम अडीच ते तीन लाख होते. ती हाताशी नसेल, तर गाडीची किंमत १४ लाखांच्या पलीकडे जाऊ देऊ नये किंवा वर्षभर थांबावे. हप्ते भरून खिसा रिकामा राहणाऱ्या माणसाने हा हत्ती दारात बांधू नये. हत्ती घेण्यापेक्षा तो पोसणे अवघड असते.

दुसरा मुद्दा तुमच्या वापराचा. रोजचे जाणे-येणे ८ किलोमीटर आणि महिन्यातून एक मुंबईची फेरी म्हणजे महिन्याला साडेपाचशे आणि वर्षाला सुमारे ६,६०० किलोमीटर. डिझेल इंजिनाला नीट तापायला वेळ लागतो, आणि ४ किलोमीटरच्या अंतरात ते तापण्याआधीच तुम्ही दवाखान्यापाशी पोहोचलेले असता. अशा तुटक चालण्यामुळे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि हवा आत घेणाऱ्या मार्गात काजळी साचत जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण निकषांच्या डिझेल गाड्यांत तर काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टरही तुंबतो. इंधनाची बचत म्हणाल, तर पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लिटर, तसेच पेट्रोल गाडी लिटरला ११ आणि डिझेल गाडी १५ किलोमीटर जाते असे धरले, तरी वर्षाचा फरक २२ हजारांच्या आसपास येतो. एका इंजेक्टरच्या कामात ही बचत निघून जाऊ शकते. तेव्हा याच वर्गातील पेट्रोल गाडी शोधणे तुमच्यासाठी अधिक शहाणपणाचे ठरेल. बाजारात डिझेल गाड्या अधिक दिसतील, त्यामुळे शोधाला थोडा वेळ लागेल.

तरीही मन याच गाडीत अडकले असेल, तर ती कशी पाहावी ते सांगतो. विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून इंजिन सुरू न करण्याची विनंती करावी आणि पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला, तर थंड इंजिन सुरू होताना जे ऐकायला मिळाले असते ते कोणीतरी तुमच्यापासून लपवले आहे असे समजावे. विक्रेत्यांच्या आवारातील गाड्या चकचकीत असणारच, पण इंजिनही धुऊन पुसून ठेवलेले दिसले की मी अधिक सावध होतो, कारण तेलाची गळती पाण्याच्या फवाऱ्याने तात्पुरती नाहीशी होते.

या गाडीच्या डिझेल इंजिनात, ते जुने एन४७ असो की नंतरचे बी४७, टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडवणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. त्यामुळे चेन बदलायची झाली तर नुसते तिथवर पोहोचण्यासाठीच मोठी उकल करावी लागते आणि मजुरीचा आकडा चेनच्या किमतीला मागे टाकतो. एन४७ इंजिनाची चेन झिजण्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. म्हणून थंड इंजिन सुरू होताना मागच्या बाजूने खरखर किंवा किणकिण ऐकू येते का, याकडे कान द्यावा. शिवाय ईजीआर कूलरमधून शीतद्रव गळून आग लागण्याचा धोका असल्यामुळे कंपनीने २०१८ मध्ये जगभरातील सुमारे १६ लाख डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीचा १७ अक्षरी-अंकी चॅसिस क्रमांक अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन तिच्यावर असे एखादे काम बाकी आहे का, हे विचारता येते. गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा असून तो उत्तम आहे. मात्र त्यातील तेल ‘आयुष्यभर पुरते’ असे विक्रेता सांगेल, त्यावर विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. तुमच्या गाडीची आठ वर्षे उलटून गेली आहेत, त्यामुळे ते बदलल्याचे बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा मागावा.

६८,००० हा आकडा वर्षाला सुमारे ७,००० किलोमीटर सांगतो. हे अशक्य नाही, पण मीटर मागे फिरवणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. मालकाच्या संमतीने अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा सगळा इतिहास काढून घ्यावा आणि दर सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का ते पाहावे. स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कातडी, ब्रेक पेडलचे झिजलेले रबर आणि चालकाच्या आसनाची बसलेली कड यांना खोटे बोलता येत नाही. दुसऱ्या मालकाच्या नावावर गाडी कधी झाली, हेही पाहावे. त्याने वर्षभराच्या आतच विकायला काढली असेल, तर ‘परदेशी जायचे आहे’ या उत्तरावर समाधान न मानता त्याच्या काळातील बिले मागावीत.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांबद्दल विशेष जपावे. २००५ च्या मुंबईतील प्रलयापासून २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरापर्यंत दर मोठ्या पुरानंतर अशा गाड्या स्वच्छ होऊन दुसऱ्या शहरांत विक्रीला येतात. साध्या गाडीत पाणी शिरले तर आसने आणि वायरिंग बिघडते. आलिशान गाडीत आसनांखाली, पायाखालच्या गालिच्याखाली आणि डिकीत ठिकठिकाणी इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट बसवलेले असतात, आणि त्यांचा बिघाड सहा महिन्यांनी, एकेक करून डोके वर काढतो. या गाडीची तर बॅटरीही डिकीत असते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का ते पाहावे, गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबावा, डिकीच्या तळाशी गंज शोधावा. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी कुबट वास लपवणाऱ्या अत्तराच्या बाटलीचे मनापासून कौतुक करत अशीच एक गाडी घेतली होती. पुढची दोन वर्षे त्यांना कौतुक करण्याजोगे काही उरले नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, टायर असतील तर ते महाग असतात. टायरच्या कडेवरील चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो, म्हणजे २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. जुने टायर दिसले तर चारही टायरांचा खर्च हिशेबात धरावा. बॅटरी बदलल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, ती गल्लीतल्या बॅटरीवाल्याकडे होईलच असे नाही. आणि शेवटी, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या, याच कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडीच्या संगणकातील बिघाडांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा. स्कॅनवर काहीच नोंदी नसणे हेही कधीकधी संशयास्पद असते, कारण त्या तासाभरापूर्वी पुसलेल्या असू शकतात. म्हणून आधी २०–२५ किलोमीटर गाडी चालवून मग स्कॅन करावे. विक्रेता या तपासणीला नाही म्हणाला, तर तुमच्या घरातील वाद आपोआप मिटला असे समजा.

प्रश्न : दिल्लीत २०१५ ची मर्सिडीज सी-क्लास डिझेल आमच्याकडील भावापेक्षा चार लाखांनी स्वस्त मिळते आहे. तिथला एजंट म्हणतो की एनओसी मिळवून देतो. आणावी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चार लाखांची ही सूट कुठून आली, ते आधी समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्या आदेशांच्या अंमलबजावणीत पुढे बदल होत गेले, तरी तिथल्या मालकाची भीती गेलेली नाही. दहा वर्षांची डिझेल गाडी त्याला ओझे वाटते आणि म्हणून ती दक्षिणेकडे वाहत येते. यात गैर काही नाही, पण सूट पूर्ण तुमच्या खिशात पडते हा समज चुकीचा आहे.

गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असेल, तर तिची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी दिल्लीच्या आरटीओचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी) लागेल आणि महाराष्ट्राचा वाहन कर वेगळा भरावा लागेल. हा कर गाडीच्या मूळ किमतीतून वयानुसार घट धरून आकारला जातो, आणि आपल्याकडे डिझेल व महागड्या गाड्यांचा दर चढा असल्याने रक्कम डोळ्यांत भरते. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण ती मागणी करण्याचा अधिकार आणि खटपट कोणाची, हे व्यवहारातच लिहून घ्यावे. तेव्हा सोलापूरच्या आरटीओत चॅसिस क्रमांक आणि मूळ बिलाची प्रत नेऊन कराचा आकडा आधी काढून घ्या आणि मगच इसार द्या. गाडी आणण्याचा खर्च आणि दिल्लीला प्रत्यक्ष जाऊन तपासणी करण्याचा खर्च धरला, तर चार लाखांतले किती उरतात ते कळेल. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असल्याने तुमच्याकडे ती गाडी २०३० पर्यंतच विनासायास राहील आणि पुढे फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागेल, हेही ध्यानात असू द्या. माझे मत विचाराल, तर पहिलीच आलिशान गाडी घेणाऱ्याने ती आपल्या जिल्ह्यातून किंवा पुण्या-मुंबईतून घ्यावी. चुकीचे काही निघाले तर निदान माणूस समोर बसवता येतो.

प्रश्न : एका ओळखीच्या गृहस्थांकडून सेडान घेत आहे. ते म्हणतात, तीन लाख रोख द्या, बाकीचा चेक चालेल, आणि नाव बदलण्याचे काम सवडीने करू. गाडीवर कर्ज होते, ते फिटले आहे असे सांगतात. ओळख जुनी असल्याने आग्रह धरायला संकोच वाटतो.
– एक वाचक, पनवेल

उत्तर : संकोच ठेवू नये. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड रोख घेणाऱ्याला होतो. म्हणजे चेकचा आग्रह धरून तुम्ही त्यांचेच भले करता.

नाव बदलणेही त्यांच्या हिताचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते; त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. नोंद बदलेपर्यंत कागदोपत्री मालक तेच राहतात आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ही गोष्ट त्यांना शांतपणे सांगितली, तर सवड लगेच मिळेल. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज करावा. त्यांचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातील सूट, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढेल. पावसाळ्यात पनवेलचे रस्ते पाहता इंजिन संरक्षणाचे जोड-कवच जरूर घ्यावे, कारण इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरले जात नाही.

कर्ज फिटल्याचा शब्द पुरेसा नाही. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल, तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो आधी उतरवून घ्यावा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल, तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का हे पाहावे, कारण तिच्याविना आरटीओतील नाव बदलण्याचे काम अडते. थकलेले ई-चलान परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून तपासावेत. गाडी ताब्यात घेताना दोन्ही किल्ल्या मागाव्यात. एकच असेल तर दुसरीची किंमत आणि ती गाडीला जोडण्याची मजुरी किमतीतून कापून घ्यावी. आणि ताबा-पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, म्हणजे त्या दिवशी सकाळी सिग्नल तोडल्याचे चलान कोणाच्या वाट्याचे, यावरून जुनी ओळख मोडणार नाही.