देशकारची चीज घोटताना

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

‘चीज पाठ झाली, आता ताना सांगा,’ हा तुझा निरोप वाचला. बंदिशीचे शब्द पाठ झाले आहेत, स्वरही. पण तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मला देशकारापेक्षा भूप रागच जास्त ऐकू आला.

त्यात नवल नाही. भूप तुझ्या गळ्यात मुरलाय आणि देशकारातही स्वर तेच, सा रे ग प ध. गळा ओळखीच्या वाटेनंच जाणार. भूप ‘सा रे ग’ असा सरळ चढतो, गंधारावर विसावतो, त्याचा बराचसा कारभार पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या भागात. देशकारचा जीव मात्र धैवतात, उत्तरांगात, म्हणजे वरच्या भागात. तिथे ऋषभ दुबळा. चढताना त्याला बाजूला ठेवून ‘सा ग प ध’ असं निघायचं, उतरताना ओझरता लावायचा. गंधारावर रेंगाळायचं नाही. तू स्थायीच्या, म्हणजे चीजेच्या पहिल्या भागाच्या, दुसऱ्या ओळीत नेमकी तिथेच थांबतेस, आणि तेवढ्यानं राग हातचा जातो. भूप येतो म्हणून देशकार सोपा, असं ज्यांना वाटतं त्यांनाच तो सर्वांत जास्त छळतो.

तेव्हा सध्या ताना बंद. रोज तानपुरा लावून नुसती स्थायी म्हण. आधी सूर न लावता, हातावर तीनताल धरून शब्द बोल. मुखडा, म्हणजे समेवर आणणारा चीजेचा पहिला तुकडा, ‘खाली’पासून, म्हणजे टाळी नसलेल्या नवव्या मात्रेवरून उठतो. समेपर्यंत, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेपर्यंत, आठ मात्रा मिळतात. कोणतं अक्षर कोणत्या मात्रेवर पडतं हे कळलं की निम्मी घाई आपोआप कमी होते. तबल्याचं अ‍ॅप खुशाल वाजव, पण नंतर. आधीपासून त्याची सवय लागली की ताल यंत्र सांभाळतं आणि आपण फक्त मागून धावतो.

मग सुरात, मध्यलयीपेक्षाही संथ. वहीत लिहिलेल्या स्वरलिपीवर फार विसंबू नकोस. पंचमावरून धैवताला जाताना जो हलका कण, दुसऱ्या स्वराचा निसटता स्पर्श, मी दाखवला होता, तो कागदावर उतरलेलाच नाही, आणि या चीजेतला देशकार बराचसा तिथेच आहे. ती जागा तेवढीच काढून घोट. सम धैवतावर का ठेवली असेल, याचाही विचार कर. रागाचे नियम मी तुला तोंडी सांगितले. बंदिश बांधणाऱ्यानं ते गाऊन ठेवलेत.

नेटवर हीच बंदिश दोन-तीन पाठांनी सापडेल. ऐक जरूर, पण इथली ओळ तिथे जोडू नकोस. एक पाठ पक्का बसल्यावर दुसऱ्याची गंमत कळते.

अंतऱ्याची, चीजेच्या दुसऱ्या भागाची, मला काळजी नाही. तार षड्जावर आवाज चढवू नकोस, बस्स.

स्थायी बसली की तिच्याच तुकड्यांतून लहान लहान आलाप कर. ‘ग प ध, प’ एवढं घे आणि मुखड्यावर ये. पुन्हा थोडं वेगळं, पुन्हा मुखडा. मोजून बसवलेल्या आलापांपेक्षा कुठूनही निघून मुखडा नेमका उचलता येणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मैफलीत तबलजी वाट बघत थांबत नाही.

आणि हे घोटण्याआधी भूप गाऊ नकोस. तो रात्रीसाठी ठेव. देशकार सकाळचाच राग आहे, सकाळीच बैस.

पुढच्या तालमीला स्थायी, अंतरा आणि तुझे स्वतःचे चार-पाच आलाप घेऊन ये. तान ऐकवलीस तर मध्येच थांबवीन.