नव्या कार्यकर्त्याने सुरुवात कोठून करावी?

कोल्हापुरातील पंचगंगा नदीच्या प्रदूषणावर काम करण्याची तुमची तळमळ मोलाची आहे. मात्र सुरुवात संपूर्ण नदीपासून न करता, तुमच्या प्रभागातून, पंचगंगेत मिसळणाऱ्या जयंती नाल्याला मिळणाऱ्या एखाद्याच गटारापासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. त्या जागेची तारखेसह छायाचित्रे घ्या, महापालिकेकडे लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच जपून ठेवा. तोंडी तक्रारीचा पाठपुरावा होत नाही.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. नवे कार्यकर्ते सर्वाधिक चुकतात ते येथेच. ‘गटार का दुरुस्त होत नाही?’ असे विचारल्यास हाती काही लागत नाही, कारण २००५ चा हा कायदा अभिलेखातील, म्हणजे कार्यालयाच्या कागदपत्रांतील, माहिती मिळवून देतो, खुलासा नव्हे. म्हणून कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे लिहिलेल्या वहीतील) नोंद आणि अदा केलेल्या देयकाची (बिलाची) प्रत मागावी. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि मागणी १५० शब्दांत बसवा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. उत्तरासाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत असते. अपिलाचा विचार तोपर्यंत नको.

दुसरी चूक एकट्यानेच लढण्याची. मिळालेले कागद पेठेतील तालमीत (लोक जमतात त्या आखाड्यात), महिलांनाही सोयीच्या वेळी, शेजाऱ्यांसमोर वाचून त्यांचा अर्थ समजावून सांगा आणि पुढचा अर्ज त्यांच्यापैकीच कोणाकडून तरी लिहून घ्या.