शिष्टमंडळाआधी मोजणीचा नकाशा

महापालिका किंवा नगर परिषदा आपल्या भागातील कामांसाठी राज्य आणि केंद्र सरकारकडे पाठपुरावा कसा करतात आणि त्यात रहिवाशांनी काय करावे, असे आपण विचारले आहे. मी मुंबई महानगरपालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यातून दुय्यम अभियंता म्हणून निवृत्त झालो. माझे मत असे आहे की लोक आधी मोठा नेता शोधतात आणि कागद मागाहून तयार करतात, आणि बहुतेक कामे तिथेच अडतात.

पूर्व उपनगरातील एका नाल्याचे रुंदीकरण माझ्याकडे होते. पलीकडच्या चाळींत दर जुलै महिन्यात गुडघाभर पाणी शिरत असे. कामाची तरतूद पालिकेच्या अंदाजपत्रकात झालेली होती. अडचण होती ती काठावरच्या सुमारे ३४० चौरस मीटरच्या पट्टीची, जी केंद्राच्या एका खात्याच्या मालकीची होती. मुंबईत वरच्या सरकारकडे पुष्कळदा पैसा मागायचा नसतो, जागा आणि परवानगी मागायची असते, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

जून महिन्यात स्थानिक नगरसेवक, दोन सोसायट्यांचे अध्यक्ष आणि त्या नगरसेवकाच्या पक्षाचे जुने कार्यकर्ते असलेले माझे मेहुणे असे शिष्टमंडळ दोन हजार सह्यांचे निवेदन घेऊन दिल्लीला गेले. आदल्या रात्री मी मेहुण्यांना म्हटले होते की निवेदनात सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे जागेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, नाही, मोजणीचा नकाशा नाही, तो होईपर्यंत थांबा. ते म्हणाले, "भाऊजी, भेट ठरली आहे, नकाशाचे मागाहून पाहू." दिल्लीतील अधिकाऱ्याने निवेदन शांतपणे वाचले आणि दोनच प्रश्न विचारले: नेमकी कोणती पट्टी, आणि तिचे हस्तांतरण हवे आहे की केवळ काम करण्याची परवानगी? दोन्हींची उत्तरे कोणाकडेच नव्हती. निवेदन अभिप्रायासाठी खाली पाठवले गेले, आणि तो पावसाळाही चाळकऱ्यांनी पाण्यातच काढला.

डिसेंबरमध्ये भूमी अभिलेख कार्यालयाचे भूकरमापक, त्या खात्याचा प्रतिनिधी आणि मी अशी संयुक्त मोजणी झाली. मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) समोर ठेवून हद्द लावली, तेव्हा निम्म्याच्या आसपास पट्टी मुळात नाल्याचीच निघाली. उरलेल्या जागेसाठीही हस्तांतरणाची गरज नव्हती, कारण नाल्याची भिंत बांधून झाल्यावर वरचा भाग त्या खात्याला परत वापरता येणार होता. हस्तांतरणाचा निर्णय दिल्लीत झाला असता. कामाच्या परवानगीचा अधिकार त्या खात्याच्या मुंबईतील अधिकाऱ्याकडेच होता. मार्चमध्ये परवानगी आली आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी भिंत उभी राहिली.

रीतसर मार्ग आपल्याला ठाऊक असेलच. नगरसेवक ठरावाची सूचना मांडतो, सभागृहाच्या मंजुरीनंतर ती आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते, आणि विषय पालिकेच्या अधिकाराबाहेरचा असल्यास राज्याच्या नगरविकास विभागाकडे व तेथून गरजेप्रमाणे केंद्राकडे जातो. केंद्राच्या योजनेतून पैसा हवा असेल तर आपला हिस्सा आधी दाखवावा लागतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात मुंबईसारख्या शहराला केंद्राकडून ३५ टक्के आणि राज्याकडून १५ टक्के मिळत, उरलेले ५० टक्के पालिकेने उभे करायचे असत.

माझ्या खात्यातील सर्वांत मोठे उदाहरण ब्रिमस्टोवॅडचे, म्हणजे मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाचे आहे. तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या वाहिन्यांची क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस करणारा तो अहवाल १९९३ चा होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर केंद्राने त्यासाठी सुमारे १,२०० कोटी रुपये देण्याचे मान्य केले. शिफारशी आणि आराखडा तयार होता म्हणूनच ही मागणी लगेच करता आली, असे मी मानतो. मात्र पैसा मिळूनही माहुलचे उदंचन केंद्र (पावसाचे पाणी उपसणारे पंपिंग स्टेशन) मिठागराच्या जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षे अडकून राहिले, हेही विसरता येत नाही.

तोच अहवाल १२ वर्षे पडून होता आणि २००५ च्या त्या पुरात माणसे दगावल्यावरच हलला, हे मला मान्य केले पाहिजे. म्हणजे कागद पुरा असणे पुरेसे नसते. कागद पुरा झाल्यावर खासदारांच्या पत्राने फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर लवकर जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. शिवाय माझा अनुभव स्वतःचा पैसा असलेल्या महापालिकेचा आहे. लहान नगर परिषदेला जिल्हा नियोजन समिती आणि पालकमंत्र्यांकडे जावेच लागते, तेथे राजकीय वजनाचे मोल अधिक असेल.

तरीही आपण आधी मालमत्ता पत्रक काढा, जागा कोणाची आणि निर्णयाचा अधिकार कोणत्या पदाकडे आहे ते लेखी विचारा, आणि उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात फाइलवरील शेरे मागा. माझे मेहुणे आजही दर गणपतीत घरी सांगतात की ते दिल्लीला गेले म्हणून नाला रुंद झाला. परवानगीच्या पत्रात संदर्भ म्हणून एकच कागद नमूद आहे, डिसेंबरच्या संयुक्त मोजणीचा नकाशा. जूनच्या निवेदनाचा त्यात उल्लेख नाही. त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे आणि मी ती त्यांना दाखवलेली आहे.