ऑनलाइन टाकलेली कथा आणि ‘अप्रकाशित’ची अट

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले आणि सोबतची कथाही वाचली. भा. रा. भागवतांच्या किशोरकथांचा नायक, फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, चाळिशीत आल्यावर आजच्या पुण्यात काय करील, ही कल्पना मला आवडली. ही कथा तू गेल्या वर्षीच एका संकेतस्थळावर टाकली आहेस. ती आता दिवाळी अंकाला पाठवता येईल का आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘प्रकाशित साहित्य’ या रकान्यात लिहिता येईल का, असे तू विचारले आहेस. एका ठिकाणी कथा प्रकाशित ठरली तर तुझी अडचण होते आणि दुसऱ्या ठिकाणी ती न ठरली तर होते, त्यामुळे तुला एकच सोयीचे उत्तर देणे मला शक्य नाही.

दिवाळी अंकाच्या आवाहनात ‘साहित्य स्वतंत्र व अप्रकाशित असावे’ असे जेव्हा छापलेले असते, तेव्हा संपादकाला तुझी कीर्ती मोजायची नसते. ही कथा वाचकाला सर्वप्रथम आपल्याच अंकात वाचायला मिळावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. जी कथा कोणीही, केव्हाही उघडून वाचू शकतो, ती या दृष्टीने प्रसिद्ध झालेलीच आहे. ‘पण ती फारशी कोणी वाचलीच नाही’ हा तुझा युक्तिवाद कायद्यापुढेही टिकणारा नाही, कारण १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ३ नुसार प्रती काढून किंवा जनतेपर्यंत पोहोचवून कृती उपलब्ध करून देणे म्हणजे प्रकाशन होय, आणि ती प्रत्यक्षात कोणी पाहिली की नाही याने फरक पडत नाही, हे त्याच कायद्यातील व्याख्येत स्पष्ट केलेले आहे. मसुदा चार मित्रांना अभिप्रायासाठी पाठवला असतास तर गोष्ट वेगळी होती. त्याला सहसा कोणी प्रकाशन म्हणत नाही. आता कथा संकेतस्थळावरून काढून टाकून ती कोरी म्हणून पाठवण्याचा विचार मात्र मनातही आणू नकोस. एखादे वाक्य शोधयंत्रात घालून पाहणे संपादकाला अवघड नाही, आणि जुन्या पानांच्या प्रती कुठे ना कुठे उरलेल्या असतात.

मला अधिक काळजी वाटते ती त्या आवाहनातल्या दुसऱ्या अटीची, म्हणजे ‘स्वतंत्र’ या अटीची. भा. रा. भागवतांचे निधन २००१ साली झाले. आपल्याकडे प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे फास्टर फेणेच्या कथांवरील हक्क २०६१ अखेरपर्यंत हक्कधारकांकडेच राहणार आहेत, आणि मूळ कृतीचे रूपांतर करण्याचा हक्कही त्यांतच येतो. कर्णावर किंवा ययातीवर कादंबरी लिहिणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. फेणेवर लिहिणाऱ्याला ती लागू शकते. ‘दबंग’मधील चुलबुल पांडेच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ठसठशीत पात्राला स्वतंत्र संरक्षण मिळू शकते, असे प्राथमिक मत नोंदवले होते. त्याआधी २००३ साली कोलकात्यात हॅरी पॉटरला बंगाली साहित्यातील पात्रांच्या भेटीला आणणारे एक पुस्तक निघाले होते, तेही हक्कधारकांच्या आक्षेपानंतर मागे घ्यावे लागले. रसिकतेपोटी, पैसे न घेता लिहिलेल्या फॅन फिक्शनकडे, म्हणजे दुसऱ्याची पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथांकडे, मूळ लेखक पुष्कळदा काणाडोळा करतात, पण तो काणाडोळा म्हणजे परवाना नव्हे, आणि विकत घेतल्या जाणाऱ्या अंकात तीच कथा छापली की त्यांना तसा काणाडोळा करण्याचे कारणही उरत नाही. अमेरिकेतील लेखकांचे दाखले तू दिले आहेस. पण तिथल्या न्यायालयांना ‘फेअर यूज’, म्हणजे परवानगीविना केलेला रास्त वापर, ठरवताना जेवढी मोकळीक असते, तेवढी आपल्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये नाही. या कलमात खासगी वापर, संशोधन, टीका, परीक्षण, वृत्तांकन अशी ठरावीक प्रयोजने नोंदवलेली आहेत.

‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’चे उदाहरण तू देशील याची मला खात्री होती. ‘ट्वायलाइट’ या कादंबरीमालेवरील फॅन फिक्शन म्हणून ऑनलाइन लिहिलेला तो मजकूर पात्रांची नावे बदलून २०११ साली पुस्तकरूपात आला, हे खरे आहे. आधी ऑनलाइन जमलेला वाचकवर्ग पुस्तकाच्या प्रकाशकाला पुष्कळदा हवाच असतो, कारण त्यातून ग्राहक दिसतो. कथेच्या नवेपणावर अंक उभा करणाऱ्या संपादकाला त्याचे काहीच मोल नसते. शिवाय तिथे नावे काढल्यावरही एक स्वतंत्र प्रेमकथा उरली होती. तुझ्या कथेतून ‘ट्टॉक’, फुरसुंगी आणि सायकल काढून टाकल्यावर काय उरते, ते एकदा कागदावर उतरवून पाहा. माझ्या मते शेवटचा नदीकाठचा प्रसंग उरतो आणि तो चांगला आहे. पहिल्या भागात मात्र वाचकाचा जिव्हाळा भागवतांनी कमावलेला आहे आणि तू तो केवळ खर्च केला आहेस. हे तुला कठोर वाटेल, पण फॅन फिक्शन लिहिणाऱ्याने स्वतःला हा हिशेब विचारलाच पाहिजे.

आता अर्जाचा प्रश्न. तिथे रकाना भरून घेणाऱ्याला हे पाहायचे असते की तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी तुझे लेखन निवडले, तपासले आणि त्यावर स्वतःचे नाव लावले. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅन फिक्शनच्या संग्रहाला २०१९ साली विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा तिथे लिहिणाऱ्या काही जणांनी हौसेने स्वतःला ह्यूगो विजेते म्हणवून घेतले, आणि पुरस्कार संग्रहाला आहे, त्यातील प्रत्येक लेखकाला नव्हे, हे संबंधित संस्थेला सांगावे लागले. तू ‘प्रकाशित साहित्य’ हा रकाना रिकामा ठेव आणि ‘इतर लेखन’ या शीर्षकाखाली संकेतस्थळाचे नाव, कथेचे शीर्षक व ती फॅन फिक्शन असल्याचा उल्लेख कर. नियमित लिहिण्याची सवय आणि अनोळखी वाचकांचे अभिप्राय झेलण्याची तयारी त्यातून दिसते. कोणताही समंजस परीक्षक ती नोंद वाया गेली असे मानणार नाही.

फेणेची कथा आहे तिथेच राहू दे. तुझ्या पत्रात ज्या दुसऱ्या, अजून कुठेही न टाकलेल्या कथेचा ओझरता उल्लेख आहे, ती मला पाठव. दिवाळी अंकांचे साहित्य पावसाळ्यातच मागवले जाते, तेव्हा उशीर करू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझा हितचिंतक